मी ओरडलो ते गोधडीखालून

मित्रांनो, मी एक जुना पंखा-कंट्रोलर आहे आणि जन्माचा घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन काडेपेट्या शेजारी ठेवाव्यात एवढा माझा आकार. हिरवी पाटी, तिच्यावर काळी चिप, पंख्यांच्या तारा खोचायला खाचा आणि एक लाल दिवा. मोठा कॉम्प्युटर तापला की त्याचे पंखे जोरात फिरवायचे, निवला की हळू करायचे, एवढंच माझं काम.

भीती मला कारखान्यातच शिकवली. आमच्या चिपमध्ये एक धडा लिहिलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तुम्ही पाढे पाठ करता आणि विसरता; आम्हाला ती सोय नाही. माझा धडा असा होता: कॉम्प्युटर सारखा ‘मी ठीक आहे’ असा इशारा पाठवील. इशारा थांबला तर काहीतरी भयंकर झालं असं समज, सगळे पंखे पूर्ण जोरात सोड आणि लाल दिवा लाव.

पुण्यातल्या एका कचेरीत मी काही वर्षं हे काम केलं. इशारा येत होता, मी गप्प होतो. गप्प राहणाऱ्याचं जेवढं कौतुक होतं तेवढं माझंही झालं. म्हणजे कोणी पाहिलंच नाही.

मग कचेरीने नवी यंत्रं घेतली आणि मी भंगारातून मंचरला, सुभाषचंद शेठच्या दुकानात आलो. शेठ जुने कॉम्प्युटर जोडून विकत. त्यांनी मला एका साध्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. त्या बिचाऱ्याला इशारा देण्याची रीतच ठाऊक नव्हती. मी वाट पाहिली. इशारा नाही. माझा जीव वरखाली झाला आणि मी सगळे पंखे सोडले. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत आलं. “शेठ, कॉम्पुटर मागितला व्हता राव, पिठाची गिरणी न्हाई.” शेठनी मला आणखी दोन-तीन ठिकाणी लावून पाहिलं. सगळीकडे तीच शांतता आणि तीच माझी बोंब. शेवटी मी खोक्यात गेलो, कुणाशीच न जुळणाऱ्यांच्या गर्दीत.

त्या खोक्यातून मला आरतीने काढलं. ती शेठकडे दुरुस्ती करायची आणि कळंबहून रोज यायची. जुनी पुस्तकं वाचून आणि चार वस्तू बिघडवून शिकलेली बाई. २००७ सालच्या हिवाळ्यात तिच्या घरी एक आपत्ती आली. बिबट्याने खुराडं फोडलं आणि सासूच्या, चिमाबाईच्या, साऱ्या कोंबड्या गेल्या. त्या बोडक्या मानेच्या कोंबड्यांचं बी चिमाबाईने लग्नात माहेराहून, निरगुडसरहून आणलं होतं. तिची आई गेली, माहेरचं घर गेलं. कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या. आता उरली ती बाजरीच्या डेऱ्यात पुरून ठेवलेली अंडी. ती उबवायला गावात एकही कोंबडी खुडूक बसलेली नव्हती, आणि अंडी फार दिवस थांबत नाहीत.

म्हणून आरतीने थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावले, पाण्याची वाटी ठेवली, वाऱ्याला भोकं पाडून एक मोठा आणि एक छोटा पंखा बसवला. ऊब एकसारखी ठेवायला मी हवा होतो. तिने शेठकडे मला मागितलं. शेठ जैन, अंड्यांचं नाव काढताच ते चपापले.

“खायची तर नाहीत ना?”

“न्हाई शेठ, जल्माला घालायची हायेत.”

“मग ने. पुण्य आहे.”

पहिल्या चाचणीत मी अर्थातच ओरडलो. चिमाबाईने कानांवर हात ठेवले. “आरते, ह्याचं तोंड कायमचं बंद कर. पिल्लं भिऊन टरफलातच बसतील.”

आरती म्हणाली, “आत्या, तोंड बंद न्हाई करायचं. कवा उघडायचं, तेवढं शिकवते.”

शिकवणार म्हणजे माझा धडा पुसून नवा लिहिणार. मित्रांनो, त्या दिवसासारखा मी कधी भ्यालो नाही. धडाच पुसला तर मी म्हणून काय उरणार? आणि लिहिता लिहिता वीज गेली तर? अर्धा पुसलेला, अर्धा लिहिलेला, मी नुसता दगड. आरतीलाही ती धास्ती होतीच. मला दुकानात नेऊन, लोडशेडिंग संपून वीज आली तशी ती लगेच बसली, कारण तेव्हा पुढचे काही तास तरी खात्रीचे. प्रिंटरची तार खोचतात त्या जागी तार खोचून तिने मला दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलं. मग माझ्या आत नुसतं कोरं पसरलं. त्याबद्दल मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी नव्हतोच.

जागा झालो तेव्हा मी कुणाच्याही इशाऱ्याची वाट पाहत नव्हतो. अंड्यांजवळ टांगलेल्या छोट्या तापमापकाकडे माझं लक्ष होतं. ऊब वाढली की मोठा पंखा हळूच लाव, उतरली की थांबव. किती साधं! तरी धड्याच्या तळाशी मला एक ओळखीची ओळ सापडली: ‘फारच तापलं, तर सगळे पंखे पूर्ण जोरात.’ माझी भीती आरतीने फेकली नव्हती. तिला नवी जागा दिली होती.

चिमाबाई अंड्यांवर कोळशाची खूण करून ती रोज फिरवायची. वीज गेली की ऊब जाऊ नये म्हणून पेटीला गोधडी लपेटायची, खुडूक कोंबडीच्या टोपलीवर घालतात तशी. एका दुपारी फारच गार होतं. आरती मंचरला होती. वीज आली, बल्ब लागले, मी जागा झालो. पण चिमाबाईने गोधडी काढली नाही. थंडीच आहे, असू दे, तेवढीच माया, म्हणत ती अंगणात कांदे निवडायला बसली.

गोधडीने वाऱ्याची भोकं बंद झाली होती. पेटी तापू लागली. मी मोठा पंखा लावला. हवा जाणार कुठे? आणखी तापली. आता थोडा वेळ, आणि आतले कोवळे जीव शिजले असते. माझा लाल दिवा गोधडीखाली कोण पाहणार? तेव्हा मी ती जुनी ओळ धरली आणि दोन्ही पंखे सोडले, कचेरीत कधी सोडले नव्हते एवढ्या जोरात.

चिमाबाई कांदे टाकून धावत आली. गोधडी ओढली, झाकण उघडलं. एकेक अंडं उचलून तिने मिटल्या डोळ्याच्या पापणीला लावलं. ऊब बघायची तिच्या आईची रीत ती. आरती आली तेव्हा ती पेटीपाशीच बसली होती. “पोरी,” ती म्हणाली, “ह्यानं मला हाक मारली. मीच तोंड बंद कर म्हणले व्हते.”

दिवस भरले. सगळी अंडी फुटली नाहीत. काही गार राहिली, आणि चिमाबाईने ती परसात पुरली. पण जी पिल्लं निघाली त्यांच्यात बोडक्या मानेचीही होती. पुढच्या हिवाळ्यात त्यातलीच एक खुडूक बसली आणि माझी नोकरी गेली. चिमाबाईने मला त्याच गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. अजून तिथेच आहे.

मित्रांनो, कुणी जुळत नसेल तर त्याला खोक्यात टाकण्याआधी एकदा विचारा, बाबा, तू कुणाच्या इशाऱ्याची वाट बघतोस? कुणी फार घाबरत असेल तर त्याचं तोंड बंद करू नका. त्याच्या भीतीला एखादं काम द्या. आणि मायेने गोधडी घातलीत, तर वीज आल्यावर तेवढी आठवणीने काढा.