फिलॉसॉफी सोडते म्हण

बाणगंगेला कावळ्यांची कमी नाही. पायऱ्यांवर, दीपमाळेवर, समोरच्या बिल्डिंगच्या एसीवर, जिकडे बघावं तिकडे कावळे. पण तात्यांच्या पिंडाकडे एकही फिरकेना. शेजारच्या लोकांचा पिंड ठेवल्या ठेवल्या उचलला गेला, ते हात जोडून निघूनही गेले. आम्ही आपले उन्हात उभे.

तात्या म्हणजे माझे आजोबा. लालबागला गिरणीत हयात काढलेला माणूस. घरात लहानथोर सगळे त्यांना तात्याच म्हणायचे. आज त्यांचा दहावा.

राजेशकाकाने सुरुवात केली. "तात्या, गावच्या घराची काळजी करू नका. मी आणि दादा मिळून पत्रे घालतो." कावळा ढिम्म. सुचित्राआत्या रडत रडत म्हणाली, "माझं आता बरं चाललंय, तात्या." तरी नाही. माझ्या बाबांनी नुसतेच हात जोडले, त्यांना चारचौघांत बोलवतच नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे येणार मला माहीतच होतं.

"कालिंदी, तू बोल," काका म्हणाला. "तात्यांचा जीव तुझ्यात अडकलाय. फिलॉसॉफी सोडते म्हण."

त्याचं असं आहे, मी फादर लोकांच्या कॉलेजात सेकंड इयरला आहे. पुढच्या आठवड्यात मुख्य विषय ठरवायचाय आणि मला फिलॉसॉफीच घ्यायचीय. त्यावरून घरात रोज वाजतं. काका म्हणतो, फिलॉसॉफी घेऊन काय कीर्तनं करणार आहेस? इकॉनॉमिक्स घे, बँकेच्या परीक्षा दे. वर त्याला वेगळीच धास्ती, एक दिवस पोरगी गळ्यात क्रॉस घालून घरी येईल. अरे, आमचे फादर मिनेझिस देव न मानणाऱ्यांची बाजू अशी काही मांडतात, की चर्चला जाणारी मुलंच वर्गात अस्वस्थ होतात. पण काकाला कोण सांगणार.

ऐकून घ्यायचे ते एकटे तात्या. मी घरी आले की खाटेवरून विचारायचे, "काय गो, देव आसा की नाय, ता सांगल्यान काय तुझ्या फादरान?" मी म्हणायचे, अजून ठरत नाहीये. "बरा. घाई नको," म्हणायचे आणि हसायचे.

पण हॉस्पिटलात, शुद्ध होती तोवर, काकाला म्हणाले होते, "कालिंदीचा कायतरी बघा रे." एवढंच. काय बघा? कशासाठी बघा? त्या एका वाक्याने माझी झोप उडाली होती. तात्या हसायचे ते फक्त माझं मन राखायला, आणि आतून माझीच काळजी करत गेले की काय, हे डोक्यातून जातच नव्हतं.

"बोल गं पटकन," आत्या म्हणाली. "तात्यांना असं उपाशी ठेवू नको."

आता गंमत बघा. माझा कावळ्यावर विश्वास नाही. मग दोन शब्द खोटे बोलायला माझं काय जात होतं? अगदीच नाही आला तर भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मोकळे होतात. पण तोंडच उघडेना. तात्या इथे नाहीतच, तर मी फसवणार कोणाला? तरी त्यांनाच फसवतेय असं वाटत होतं. भटजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढचं काम होतं.

मी डोळे मिटले. मनातल्या मनात म्हटलं, तात्या, मी नाही सोडणार. रागवायचं तर रागवा.

पंखांचा आवाज झाला. डोळे उघडले तर कावळा पिंडावर.

"शिवला," भटजी म्हणाले. आत्याने डोळ्यांना पदर लावला. काकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "मनात बोललीस ना? शहाणी माझी बाय. हेच हवं होतं त्यांना. उद्याच कॉलेजात सांगून टाक."

गप्प बसले असते तर फिलॉसॉफी तिथेच संपली असती.

"मी सोडणार नाही असं बोलले, काका."

"काय?"

"मनात. नाही सोडणार म्हटलं, आणि तो आला."

काकाचा हात पाठीवरून निघाला. "थापा मारतेस."

बाबा सकाळपासून पहिल्यांदा बोलले. "थापाच मारायच्या असत्या, तर मघाशीच सोडते म्हणाली असती, राजेश. तात्यांचा जीव तिच्यात अडकलाय, हे तूच म्हणालास ना? सुटला तो. आता तिचं तिला करू दे."

काका चपला शोधायला लागला.

जिंकले होते मी. पण फादर मिनेझिसांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. कावळ्याला भूक लागली, तो आला, यातून काडीइतकंही सिद्ध होत नाही. मला कळतंय हो. तरी मी पायरीवर बसून ढसाढसा रडत होते, कावळा भात खात होता, आणि मला वाटत होतं, तात्या हो म्हणाले. अगदी खरंच वाटत होतं. आता सोमवारी फादरांच्या वर्गात कुठल्या तोंडाने बसू, सांगा.