लेटरहेडमधली मोकळी जागा

वजनकाटे दुरुस्त करून त्यांना प्रमाणपत्र देणारे ते दुकान दोघा भावांचे होते. परंतु परवाना एकट्या थोरल्याच्या नावावर होता. धाकट्याने परवान्याची परीक्षा अनेकदा दिली आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या हातावर तुरी देऊन निघून गेली. तेव्हा मेहनत धाकट्याची आणि सही थोरल्याची, अशा रीतीने दोन्ही घरांच्या चुली पेटत असत.

आणि आता सहीच्या त्या धन्यालाच विस्मरणाने ग्रासले होते.

विस्मरण सरसकट नव्हते, हाच त्यातील क्रूरपणा. सकाळी कोण येऊन गेले हे थोरल्याला दुपारी आठवत नसे. मात्र तरुणपणी मिळालेल्या पहिल्या परवान्याचा क्रमांक त्याला मुखोद्गत होता. वस्तुतः तो परवाना केव्हाच रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला होता आणि नवा क्रमांक लेटरहेडच्या तळाशी येत असे. थोरला रोज संगणकापुढे बसे, तो क्रमांक चुकीचा समजून मोठ्या निष्ठेने पुसे आणि जुना टंकित करी. तशी दोन प्रमाणपत्रे नजरचुकीने बाहेर गेली आणि वजनमापे निरीक्षकांच्या कार्यालयातून परत आली. दुसऱ्या खेपेस निरीक्षकांनी धाकट्याला समोर उभे करून बजावले, "आणखी एकदा असं आलं ना, तर परवाना निलंबित करीन. हलगर्जीपणाला काही सीमा?"

हलगर्जीपणा! धाकट्याने तो शब्द गिळला. खरे कारण सांगणे म्हणजे स्वतःच्या हाताने दुकानाला टाळे लावणे होते. कारण ज्याला कालचे आठवत नाही त्याच्याकडे परवाना कोण राहू देईल?

त्याच दिवशी वहिनी थोरल्याला डोळे तपासायला न्यायला आल्या. दारात क्षणभर मागे रेंगाळून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, काहीही करा, पण ह्यांना दुकानापासून तेवढं तोडू नका. घरी बसले, तर मलाही विसरतील हो."

दोघे गेल्यावर धाकटा दुकानातल्या टायपिस्ट बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"बाई, वरचं नाव-पत्ता आणि खालचा क्रमांक असे बंद करा, की ब्रह्मदेव आला तरी हलता कामा नयेत."

"ब्रह्मदेव कुठला येतोय? मोठे साहेब येतात," बाई म्हणाल्या. "त्यांना कोण अडवणार?"

"तुमचं कुलूप."

"माझं कशाला? पासवर्ड तुमचा, पापही तुमचं."

थट्टा करता करता बाईंनी काम मात्र नेटके केले. पत्राचे त्यांनी दोन विभाग पाडले. पहिल्या विभागात एकच कोरी ओळ ठेवून त्याला संरक्षण दिले. तसे केले की वरचा हेडर आणि खालचा फूटर कोणालाही उघडता येत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. दुसरा विभाग मजकुरासाठी मोकळा सोडला. मग ते सारे टेम्प्लेट म्हणून जतन केले, जेणेकरून यापुढचे प्रत्येक पत्र त्यातूनच उघडावे. पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा बाईंनी सभ्यपणे मान वळवली. धाकट्याने एकेक अक्षर शोधत तो घातला. निजलेल्या भावाच्या खोलीला बाहेरून कडी घालावी, तसे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने नित्याप्रमाणे पत्र उघडले आणि तळाच्या क्रमांकावर दोनदा टिचकी मारली. काही झाले नाही. त्याने पुन्हा मारली.

"अरे, हे उघडत का नाही?"

"नवीन पद्धत आहे, दादा. तेवढं आता आपोआप येतं."

"नाव माझं, क्रमांक माझा, आणि मलाच आत घेत नाही? दारात कुत्रं बांधलंयस काय?"

"मशीनच तसं आहे रे."

"मशीनला कुणीतरी शिकवलेलं असतं, राजा." थोरल्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की धाकट्याला हातातला पाना फार महत्त्वाचा वाटू लागला. पण क्षणात ती नजर विझली. थोरला चष्मा पुसत बसला.

धाकट्याच्या जीवात जीव आला. आणि तो आला याचीच त्याला लाज वाटली. तो एका गिरणीचा काटा दुरुस्त करण्यास निघून गेला.

परतला तेव्हा टायपिस्ट बाई हातात कागद घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांचे तोंड उतरले होते. "साहेब, मी जेवायला गेले होते तेवढ्यात..."

कागदावर हेडर जागच्या जागी होता. फूटरही होता, नव्या क्रमांकासह, अभंग. परंतु दोहोंच्या मध्ये, त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत, थोरल्याने सबंध लेटरहेड नव्याने टंकित केले होते: नाव, पत्ता आणि ठळक अक्षरांत जुना परवाना क्रमांक. त्याखाली लिहिले होते, 'तळाशी छापलेला क्रमांक चुकीचा असून तो ग्राह्य धरू नये.' शेवटी त्याची डौलदार सही.

"एक प्रत निरीक्षकांना ईमेलनं गेली पण," बाई पुटपुटल्या.

आतून थोरल्याची प्रसन्न हाक आली, "आलास? तुझ्या मशीनला चूक दुरुस्त करता येईना. मग मीच मधे केली. जागा ठेवली होतीस, बरं केलंस."

इतक्यात फोन वाजला.

"एकाच कागदावर दोन क्रमांक?" निरीक्षक कडाडले. "आणि तुमचाच कागद म्हणतो, की तुमचा परवाना चुकीचा! कुणी टाइप केलं हे?"

उत्तर धाकट्याच्या ओठांवर तयार होते. टायपिस्टने, असे म्हणायचे. बाईंना काढून टाकले, असे सांगायचे. की पुढच्या पत्रापर्यंत दुकान तगले असते. बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या, आणि त्याला काय सुचले आहे हे त्यांना पुरते कळले होते. त्यांनी नुसती पदराची कड मुठीत धरली.

"निरीक्षक का?" थोरल्याने हात पुढे केला. "दे इकडे. तुला नाही जमायचं."

जे सांगायला आपली जीभ रेटत नव्हती, ते आता दादाच्या बोलण्यातूनच उघड होणार, हे जाणून धाकट्याने फोन त्याच्या हाती दिला.

थोरला खुर्चीत ताठ बसला. "नमस्कार. घ्या लिहून," असे म्हणून त्याने जुना क्रमांक न अडखळता सांगितला. मग आपुलकीने पुढे म्हणाला, "आणि तुमचे मोठे साहेब कसे आहेत? माझी परीक्षा त्यांनीच घेतली होती. परवाच भेटले, म्हणाले, असा पठ्ठ्या पाहिला नाही."

ते साहेब वारले त्याला कितीतरी वर्षे लोटली होती.

थोरल्याने वाट पाहिली. "हे काही बोलत नाहीत रे," म्हणत त्याने फोन परत दिला.

"कधीपासून?" निरीक्षकांचा आवाज पार बदलला होता.

"दोन वर्षं होतील, साहेब. पण काटे मीच तपासतो. एकाही काट्यात खोट सापडली, तर..."

"ते मी विचारलेलं नाही." निरीक्षक म्हणाले. "उद्या परवाना घेऊन या. जमा करावा लागेल. त्यांना नका आणू."

धाकट्याने फोन खाली ठेवला. टायपिस्ट बाईंनी तोंड भिंतीकडे वळवले होते.

"काय म्हणाले?" थोरल्याने विचारले. "घेतला ना लिहून?"

"घेतला, दादा."

"मग झालं तर!"

आता वहिनींना कळवणे भाग होते. धाकट्याने पुन्हा फोन उचलला, नंबरही लावला. आणि पलीकडून "बोला, भावोजी" असे ऐकू आल्यावर, दारात रेंगाळून त्यांनी केलेली विनवणी आठवून, त्याने फोन खाली ठेवला.