वर केलेला अंगठा

आमच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो वा नसो. आणि कुणाची गाडी बॉनेट उघडून कडेला उभी दिसली, की वेग कमी करून खिडकीतून अंगठा वर करायचा. हा प्रश्न. त्यानेही अंगठा वर केला तर त्याचं ठीक चाललंय, आपण पुढे जायचं. त्याने हात हलवला तर थांबायचं. बोलायची गरज पडत नाही. तसंही काचा खाली केल्या की आधी माशा आत येतात.

त्या दिवशी सकाळी वेरिंगाच्या दवाखान्यातून शोना नर्सचा फोन आला. आईला घ्यायला दुपारी विमान येणार, ॲडलेडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेणार, असं तिने सांगितलं. त्याआधी पोचता आलं तर बघ म्हणाली. मग जरा थांबली आणि म्हणाली, "मर्वला घेऊन ये, ब्रॉन." मर्व म्हणजे माझा बाबा. शोना एरवी सगळ्यांच्या आजाराची चेष्टा करते. त्या दिवशी तिने चेष्टा केली नाही, तेव्हाच मला कळलं.

आईच्या छातीत पाणी झालं होतं. आदल्या आठवड्यात शेजारच्या फार्मवरची बाई तिला दवाखान्यात सोडून आली. बाबा बरोबर निघाला होता, पण आईनेच त्याला घरी बसवलं. माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालील, म्हणाली. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, त्यावर तिचे जिरेनियम जळतात. त्यांना टाकीतलं पावसाचं पाणीच लागतं. रोज संध्याकाळी फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच, कुंड्यांना पाणी घातलंस का. तब्येतीचं विचारायची वेळ येईपर्यंत ती दमलेली असे.

माझा नवरा केल गुरं गोळा करायला लांबच्या कुरणात गेला होता, चांगली गाडी त्याच्याकडे. मग बाबाची जुनी पिकअप काढली. माझ्या तान्ह्या लेकीला, टिलीला, मधल्या सीटवर बांधलं, दुधाची पावडर, कपडे, पिण्याच्या पाण्याचा निळा कॅन घेतला. बाबाने नवा शर्ट घातला होता, बटणं मी लावली. त्याच्या हातांना कंप सुटून आता दोन वर्षं झाली. ज्या हातांनी त्याने अख्ख्या पंचक्रोशीचे पंप आणि ट्रॅक्टर उघडले, ते हात आता मांडीवर एकमेकांना धरून बसतात.

"ठोकळे घेतलेस?" त्याने विचारलं.

घेतले होते. चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, जॅकखाली ठेवायची फळी, पेचकस, पाने, सुरी, चिकटपट्टी, जुनं गोणपाट. ही यादी मला त्याने बाराखडीसारखी शिकवली होती. पाण्याचे कॅन दोन असतात, निळा माणसांचा आणि लाल गाडीचा. लाल कॅन मागच्या हौद्यात त्याच्या जागेवर होता. मी बघितला. उचलून बघितला नाही. तो कायम भरलेलाच असतो.

अर्ध्यावर आलो तेव्हा बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर निघाला. तापमानाचा काटा बघायच्या आत बाबा म्हणाला, "वाफ आहे. कडेला घे." मी गाडी रस्त्याबाहेर सपाट जागी घेतली, बंद केली, हँडब्रेक ओढला, चाकांना ठोकळे लावले. बाबाने मला बॉनेट उघडू दिलं, पण रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेऊ दिला नाही. त्याच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत अजून चकचकीत आहे, तरुणपणी एकदा घाईने झाकण उघडलं होतं त्याची. "थंड होऊ दे. झाकणावर हात ठेवून तुला टिलीची अंघोळ आठवली, की मग उघडायचं," तो म्हणाला.

वरचा रबरी पाइप फाटला होता, अगदी क्लिपपाशी. बाबाला बरंच वाटलं. टोकाला फाटलेला पाइप म्हणजे काहीच नाही. फाटका तुकडा कापून टाकायचा, उरलेला पुढे ओढून बसवायचा, क्लिप आवळायची, गाडीचं पाणी ओतायचं आणि निघायचं. विमान यायला अवकाश होता. मी गाडीच्या सावलीत ताडपत्री टाकली आणि इंजिन निवेपर्यंत टिलीला पाजायला बसले, पाठ टायरला टेकून.

तेव्हा मागून गॉर्डीचा गुरांचा ट्रक आला. आवाज ओळखीचा होता. तो वेरिंगाकडेच चालला होता. मी टिलीला सोडवून उठेपर्यंत ट्रकचा वेग कमी झाला, आणि मग पुन्हा गिअर पडल्याचा आवाज आला. मी गाडीच्या पलीकडे आले तर लाल धूळ होती आणि बाबा रस्त्याकडे तोंड करून उभा होता. अंगठा अजून वर होता. तेवढा एक अंगठा काय तो कापत नव्हता.

"गॉर्डी होता," बाबा म्हणाला. "पाइपच तर फाटलाय. त्यासाठी कुणाला कशाला थांबवायचं?"

साठ वर्षं या रस्त्यावर त्यानेच इतरांसाठी गाडी थांबवली होती. त्याच्यासाठी कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.

इंजिन निवल्यावर मी गोणपाट धरून झाकण आधी अर्धं फिरवलं, हवा जाऊ दिली, मग काढलं. पेचकसाने क्लिप सैल केली. ती गंजलेली. पेचकस दोनदा निसटला. बाबा शेजारी उभा राहून सूचना देत होता आणि सूचना देताना त्याचे हात हवेत माझ्या हातांबरोबर फिरत होते.

"बये, पेचकस आहे तो, टिलीचा चमचा नाही. दाबून फिरव."

"तूच कर मग."

"मी केलं असतं," तो म्हणाला, आणि दोघेही हसलो. पाइप कापला, ओढून बसवला, क्लिप आवळली. त्याने कापऱ्या बोटांनी जोड चाचपून पाहिला आणि मान हलवली. त्याने अशी मान हलवावी म्हणून मी लहानपणी किती धडपडायचे.

मग मी हौद्यातून लाल कॅन उचलला. तो इतक्या सहज वर आला, की माझा तोल गेला.

बाबा कॅनकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मी बघितला नसता तर बरं झालं असतं. आदल्या संध्याकाळी, तो सांगू लागला, आईने फोनवर विचारलं होतं, पाणी घातलंस का. फोन ठेवल्यावर त्याला आठवेना, घातलं की नाही. अंधारात टाकीपर्यंत कुठे जायचं, म्हणून त्याने गाडीतला लाल कॅन आणून ओतला. कॅन जागेवर ठेवला. सकाळी उठून भरणार होता. सकाळी फोन आला.

"भरणार होतो मी," तो म्हणाला.

या रस्त्यावर फोन लागत नाही, मी गाडीतल्या वायरलेसवर गॉर्डीला हाक मारली. खरखर आली फक्त. तो टेकाडाच्या पलीकडे गेला होता. मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या, कुणी ऐकत असेल तर उत्तर द्या म्हणाले. उन्हात मैलोन्‌मैल खारी झुडपं होती, दुसरं कुणी नव्हतं. चालत जायचा विषयच नाही. आमच्याकडे जी माणसं मेली ती गाडी सोडून चालत गेलेली. गाडीपाशी बसलेली जिवंत सापडतात.

निळा कॅन सावलीत टिलीच्या पायाशी होता. रेडिएटरमध्ये जेवढं पाणी मावेल, जवळजवळ तेवढंच त्यात होतं. मी त्याच्याकडे बघतेय हे बाबाने पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

मी सांगू लागले, की जोड पक्का आहे, तूच आत्ता मान हलवलीस. पोचलो की वेरिंगात पाणीच पाणी. त्याने मला बोलू दिलं. जुनं रबर आहे, म्हणाला. एके जागी फाटलं ते दुसरीकडेही फाटतं. मग गाडी पुढे कुठेतरी बंद पडेल आणि पाणी जमिनीत गेलेलं असेल. सावली आहे, माणसं आहेत, पण पाणी नाही, अशा एका कुटुंबाला तो एकदा बघून आला होता. ते मला आईकडून कळलं होतं; त्याने कधी सांगितलं नाही, त्या दिवशीही सांगितलं नाही.

"गाडी तहानेने मरत नाही, ब्रॉन."

"आणि आई?"

तो टिलीकडे बघत होता. "हे टिलीचं पाणी आहे," म्हणाला.

मी रागाने पलीकडे जाऊन बसले. राग कुणाचा ते मला ठरवता येईना. टिली ताडपत्रीवर पालथी पडून एका मुंगीशी बोलत होती. गाल लाल झाले होते. मी तिला घोट घोट पाणी पाजलं, मग बाबाला पाजलं, मग मी घेतलं. त्याचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. आईला तो शर्ट आवडत नसे; त्यात तू बँकेत कर्ज मागायला आल्यासारखा दिसतोस, म्हणायची. तरी त्याने तोच घातला, कारण तिनेच आणला होता.

विमानाचा आवाज आधी टिलीने ऐकला. तिने मान वर केली. दक्षिणेकडून आलं, उंचावर होतं, मग खाली उतरत वेरिंगाच्या दिशेने गेलं.

बाबा उठला. निळ्या कॅनपाशी गेला, दोन्ही हातांनी तो उचलून गाडीच्या पुढे नेला आणि त्याचं बूच फिरवू लागला. बूच त्याच्या बोटांतून सटकत होतं. मी जागची हलले नाही. मदत करावी असं वाटत होतं आणि करू नये असंही. शेवटी बूच निघालं. उघडा कॅन छातीशी धरून तो रेडिएटरसमोर उभा राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. एव्हाना विमान उतरलं असेल, आईला स्ट्रेचरवर घेतलं असेल, शोना तिच्या पायावर चादर सारखी करत असेल, एवढं सगळं मी डोळ्यांपुढे पाहिलं.

मग तो ताडपत्रीपाशी परत आला. बुचात थोडं पाणी घेतलं, बरंचसं सांडलं, उरलेलं त्याने टिलीच्या टाळूवर ओतलं आणि केसांतून बोटं फिरवली. ती खुदकन हसली. त्याने बूच घट्ट लावायला कॅन माझ्याकडे दिला.

विमान परत निघालं तेव्हा आमच्या जरा बाजूने गेलं. बाबा सावलीतून बाहेर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, टोपी न घालता. विमान आमच्या रेषेत आल्यावर त्याने हात पूर्ण वर केला आणि अंगठा वर केला. आई पडून असणार, खिडकी तिच्या बाजूला असेल नसेल, आणि एवढ्या उंचीवरून माणूस काय, गाडीसुद्धा दिसत नाही. त्याने हात खाली घेतला नाही. आवाज संपला, तरी नाही. मी टिलीला कडेवर घेऊन त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

ऊन उतरताना गॉर्डी रिकामा ट्रक घेऊन परत आला. बॉनेट उघडंच बघून थांबला, उडी मारून उतरला. आधी हसला, मर्व, म्युझियमवाले गाडीची वाट बघतायत, म्हणाला. मग आमची तोंडं बघितली. गावात त्याला कळलं होतं आईला नेलं म्हणून, पण आम्ही तिच्यापाशी असू असंच तो धरून चालला होता. क्रिकेट लावलं होतं म्हणून वायरलेस बंद होता, असं तो दोनदा बोलला.

"पण तू ठीक आहे म्हणालास ना रे, मर्व. माझ्याकडे दोन सीट रिकाम्या होत्या."

"तेव्हा ठीक होतो," बाबा म्हणाला.

गॉर्डीने ट्रकमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. मी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आम्ही तिघे वाकून जोडाकडे बघत राहिलो. एक थेंब गळला नाही.

"चांगलं काम केलंस, पोरी," बाबा म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने हे तोंडाने पहिल्यांदा म्हटलं. मला ते नको होतं.

वेरिंगाला जाण्यात आता अर्थ नव्हता आणि ॲडलेड या गाडीने गाठणं शक्य नव्हतं. मी गाडी घराकडे वळवली. गॉर्डी आमच्या मागे मागे राहिला, धूळ खात, फाट्यापर्यंत. वाटेत समोरून एक गाडी आली. मी बोट उचललं. बाबाही नेहमी उचलतो, शेजारी बसलेला असला तरी. त्या वेळी त्याचे हात मांडीवर होते.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता अजून. टिली झोपली होती, तिला मी उचलून घेतलं. बाबा हौद्यातला लाल कॅन घेऊन टाकीकडे गेला. तोटीखाली धरून त्याने तो भरला, काठोकाठ, आणि व्हरांड्याच्या पायरीपर्यंत ओढत आणला. तिथेच थांबला.

मी जवळ जाऊन बघितलं. कुंड्यांखालच्या ताटल्या अजून पाण्याने भरलेल्या होत्या. एका ताटलीत पाकळ्या बुडून पडल्या होत्या. त्याने संध्याकाळी दोनदा पाणी घातलं होतं.

आत फोन वाजायला लागला. बाबा भरलेल्या कॅनवर हात ठेवून तसाच उभा होता.

"तू घे," तो म्हणाला. "आणि तिने विचारलं तर सांग, घातलंय."

मी टिलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत गेले.

फोनवर शोना होती. या वेळीही तिने चेष्टा केली नाही.