शिल्लक कान

पंपघरातल्या मिस्त्रींचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता आणि उजवा गेली सहा वर्षं दगा देत होता. माणसांचं बोलणं कळेनासं झालं होतं. खालच्या पट्टीतली जाड घरघर तेवढी ऐकू येई. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला लावून मूठ कानाशी धरली, की कुठलं बेअरिंग खराब झालंय ते मिस्त्री अजूनही छातीठोकपणे सांगत.

म्हणूनच उजव्या कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनला त्यांनी दोनदा नकार दिला होता. "आहे तेही जाईल. मग पंपघरात काय झाडू मारू?"

तिसऱ्यांदा लेक त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत यंत्राची तार सरकवताना कानाला सूज येते. उरलेलं ऐकणं पुष्कळदा त्यानंच जातं. म्हणून आधीपासून स्टेरॉइड देऊ, ऑपरेशनच्या वेळी थेट कानातही सोडू. तार अगदी सावकाश सरकवू.'

"खात्री?" मिस्त्रींनी विचारलं.

'नाही. पण शक्यता वाढते.'

मिस्त्री त्या 'नाही'कडे बघत राहिले. आजवर जो तो त्यांना नुसता धीर देत आला होता. "ही बाई थापा मारत नाही," ते लेकीला म्हणाले. "घे तारीख."

ऑपरेशननंतर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्यांना अशी काही भूक सुटली, की बायकोनं स्वयंपाकघराला कुलूप लावायची धमकी दिली. तीही लिहून, खाली दोन रेघा मारून.

महिन्याभरानं तपासणी झाली. खालच्या पट्टीतलं ऐकणं किंचित उतरलं होतं, पण शाबूत होतं. मग बाईंनी यंत्राचा बाहेरचा भाग कानामागे बसवून ते सुरू केलं.

"बाबा, ऐकू येतंय?" लेकीनं मागून विचारलं.

"पत्र्याच्या पिंपात बसून बोलतेयस की काय?"

आवाज त्यांना मुळीच आवडला नाही. पण 'बाबा' हा शब्द तिच्या ओठांकडे न बघता कळला होता. मिस्त्रींनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

त्यानंतर रोज लेक पाठमोरी बसून वर्तमानपत्र वाची आणि ते चुकतमाकत तिच्यामागून म्हणत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बायको भांडी विसळता विसळता पुटपुटली, "हट्टी ते हट्टीच राहणार."

"कोण हट्टी?"

ती गर्रकन वळली. सहा वर्षं ती मनाला येईल ते बेधडक बोलत आली होती. "काय काय ऐकलंत?"

"थोडंच," मिस्त्री म्हणाले. "तू बोलत राहा."