बिनशिक्क्याची बाटली

बाटली मोज्यातून निघेना. बाईंनी पर्स काखेत मारली, बाटलीची मान एका हातात धरली आणि नवऱ्याचा लोकरीचा मोजा केळ्याच्या सालीसारखा सोलून काढला. मोजा डाव्या पायाचा होता. चार महिने झाले, त्या पायाला थंडी कळत नव्हती. मग बाटलीला घातलेला काय वाईट, असं गणित त्यांनी सकाळी मांडलं होतं. शाळेत सव्वीस वर्षं गणितच शिकवत होत्या त्या. गणित मांडताना रडू येत नाही. हल्ली तसं कशानेच येत नव्हतं.

रांगेत मागे उभ्या असलेल्या टकल्या गृहस्थाने दोन बाटल्या जुळ्यांसारख्या छातीशी धरल्या होत्या.

“तुमची किती वर्षांची?”

“बावीस.”

“अरे वा, लग्नाला आली की! माझ्या या एकोणीस आणि एकवीस. पोरांपेक्षा जास्त जपल्यात बघा. पोरं ऐकत नाहीत, या निदान जिथे ठेवल्या तिथे पडून राहतात.”

बाईंनी हसायचं तेवढं हसून घेतलं. घरी खिडकीजवळच्या पलंगावर नवरा पडून होता, जिथे ठेवला होता तिथे.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, पण वेड लागलं ते ऑस्ट्रेलियातल्या एकाच द्राक्षमळ्याच्या लाल वाईनचं. जिन्याखालच्या खोलीची खिडकी त्याने स्वतः विटा लावून बुजवली, आत थंडावा मोजायचं यंत्र टांगलं, आणि चांगल्या हंगामाची एकेक बाटली आणून आडवी निजवली. अकरा हंगामांच्या अकरा. उघडलेली एकही नाही. मुलीच्या लग्नात नाही, बाई मुख्याध्यापिका झाल्या तेव्हाही नाही. वेळेआधी बूच काढणं म्हणजे त्याच्या लेखी रोप उपटून मुळं धरली का ते बघणं.

जुन्या बाटलीतली वाईन बुचातून हळूहळू उडते, पातळी उतरते. म्हणून मळेवाले काही वर्षांनी आपला परीक्षक शहरोशहरी पाठवत. तो बूच काढी, घोटभर चाखी. पास झाली तर त्याच मळ्याची नवी वाईन घालून बाटली मानेपर्यंत भरायची, नवं बूच, वर सहीचा शिक्का, आणि पुन्हा दहा वर्षं अंधारात. नापास झाली तर साधं बूच, आणि आठवड्यात पिऊन टाका. या खेपेला नवऱ्याने पलंगावरूनच सगळ्यात जुनी बाटली उजेडात धरायला लावली होती, खांद्यापर्यंत उतरलेली पातळी पाहिली होती, आणि तिला तपासून आणायचा हट्टच धरला होता.

पक्षाघाताचा दुसरा झटका येणार, एवढं डॉक्टर बोलले होते. कधी, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.

परीक्षकाने बूच काढलं. पेल्यात अंगठ्याएवढी वाईन ओतली, नाक खुपसलं, तोंडात घोळवली, बाजूच्या भांड्यात थुंकली. मग पेल्यात उरलेला थेंब उजेडाकडे धरून पाहत राहिला. बाईंना शाळेतली मुलं आठवली, निकालाच्या दिवशीची.

“कुणी सांभाळलीये ही?”

“मिस्टरांनी.”

“सांगा त्यांना, माझ्याकडून नमस्कार. आणखी दहा वर्षं सहज. कदाचित पंधरा.” त्याने भर घालायची नव्या वाईनची बाटली जवळ ओढली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “नापास करा तिला.”

“काय?”

“नापास. जमेल ना?”

“बाई, लोक इथे पास करा म्हणून माझ्या हातापाया पडतात.”

“माझ्याही पडतात. मी शिक्षिका आहे. आजवर अर्धा मार्क कुणाला फुकट दिला नाही आणि कुणाचा कापला नाही.” त्यांचा आवाज हजेरी घेताना असतो तसाच होता. “पास झाली तर ते उघडू देणार नाहीत. दहा वर्षं थांबायचं म्हणतील. त्यांच्याकडे दहा नाहीयेत.”

मागचा टकला गृहस्थ एकदम आपल्या बाटल्यांवरची लेबलं वाचू लागला.

परीक्षकाने पेला पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

“खोटा निकाल मी देत नाही,” तो म्हणाला. “पण भर घालून घ्यायची की नाही, ते मालकाच्या मर्जीवर. नको असेल तर मी साधं बूच मारतो. शिक्का मिळत नाही. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

साधं बूच आत जाताना ठप्प असा आवाज झाला. बाईंनी बाटलीला मोजा घातला.

घरी पोचल्या तेव्हा नवरा दाराकडेच तोंड करून होता. त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा बुचावरून फिरवला, शिक्का असायचा तिथे थांबवला.

“काय... म्हणाला?”

“नापास झाली हो. आता ठेवण्यात अर्थ नाही म्हणाला.”

आयुष्यातला पहिला खोटा निकाल त्यांनी पडद्याची दोरी ओढता ओढता देऊन टाकला. वाटलं होतं, काहीतरी होईल आत. काही झालं नाही.

ठसका लागू नये म्हणून त्याला पाणीसुद्धा पावडर घालून डिंकासारखं घट्ट करून द्यावं लागे. गिळायचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी डॉक्टरांना विचारून दोन चमच्यांची परवानगी आणली होती, तीही घट्ट करूनच. बाईंनी वाटीत बावीस वर्षं ओतली, वर पावडर भुरभुरवली आणि ढवळत राहिल्या. गडद लाल लापशी झाली. टकल्या गृहस्थाने पाहिलं असतं तर जागीच बसला असता.

त्यांनी त्याला उशा लावून सरळ बसवलं, गळ्याशी रुमाल खोचला आणि चमचा तोंडाच्या उजव्या बाजूने आत घातला. डाव्या बाजूला चव कळत नव्हती.

त्याने गिळलं नाही. जीभ सावकाश फिरली. डोळे मिटले, आणि कपाळावर एक आठी आली, लिफ्टच्या मोटारीचा आवाज ऐकताना यायची तशी. बाई चमचा हातात धरून बसल्या. मग गळ्याची घाटी वरखाली झाली.

त्याने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. नीट, शांतपणे, इतका वेळ की त्यांनीच मान खाली घालून वाटी ढवळायला घेतली.

“अगं.”

“हं?”

“उरलेल्या दहा...” शब्द लाळेत अडकला, त्याने तो पुन्हा जुळवला. “त्याही... नापास कर.”

बाईंनी मान हलवली आणि दुसरा चमचा भरला. भरताना तो वाटीच्या काठावर टकटक वाजत राहिला. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली, तरी वाजायचा थांबेना.