पाचवी सुई

गुलशनला गोधड्यांचा नाद होता, आणि नाद म्हणजे नुसता नादच, पोटापाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. नवरा अनीस शहाद्यात शिलाईचं दुकान चालवायचा आणि त्याचं बरं चाललं होतं. दुकानातल्या कतरणी तो संध्याकाळी पिशवीत भरून आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "घ्या बेगम, आला तुमचा खजिना!" थट्टा करायचा खरा, पण एखादा झकास लाल तुकडा दिसला की तो बाजूला काढून ठेवणाराही तोच. मशीनवर मारून दे म्हटलं असतं तर त्यानं दोन दिवसांत गोधडी हातात ठेवली असती. पण ते गुलशनला चालायचं नाही. मशीनची गोधडी काय, नुसती जाड चादर, असं तिचं ठाम मत. जुन्या साड्या, विटलेल्या लुंग्या, ओढण्या यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि हातानं बारीक बारीक टाके घालत बसायचं, तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटायचं.

डोळे मात्र आता दगा देऊ लागले होते. सुईत दोरा ओवायचा म्हणजे युद्धच. म्हणून दुपारच्या लख्ख उन्हात ती आपल्या पाचही सुया एकदम ओवून ठेवायची. एकीचा दोरा संपला की दुसरी घ्यायची. आणि काम सोडून उठावं लागलं की हातातली सुई जिथे असेल तिथेच कापडाच्या थरात आडवी खोचायची. आता ही सवय चांगली नव्हे, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर गोधडी संपली की पाची सुया जर्द्याच्या रिकाम्या डबीत मोजून टाकायच्या आणि मगच घडी घालायची, असा तिचा नेम. इतक्या वर्षांत तो चुकला नव्हता.

जानेवारीतली दुपार होती. नवी गोधडी मांडावी म्हणून तिनं डबी उघडली, तर आत चार.

डबी उलटी केली, चटई झटकली, कतरणींची पिशवी रिकामी केली. शेजारच्या फुलवंताबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय शोधी ऱ्हायनी वं गुलशनभाबी?"

"एक सुई कमी शे."

"अवं, एक सुईकरता इतला जीव काढी ऱ्हायनी? बाजारमा पुडीनी पुडी मिळस!"

गुलशननं डबीतल्या सुया पुन्हा मोजल्या. ती मटकन खाली बसली. शेवटची गोधडी कुठली, ते तिला आठवलं होतं.

ती नातवाची, अझरूची गोधडी. लेक तमन्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चाळीस दिवस झाले आणि पंधरवड्यापूर्वी जावई तौहिद गाडी घेऊन तिला आणि बाळाला पुरुषोत्तमनगरला न्यायला आला. सोबत विहीणबाईही आल्या. गुलशनचा गोट अजून व्हायचा होता. गोट म्हणजे गोधडीच्या चारी कडांना दुमडून शिवायची पट्टी. पाहुणे बाहेर बसलेले आणि ही आत झपाझप टाके घालते आहे. मध्येच सरबताला उठली. उठताना सवयीनं सुई थरात खोचली. परत आली ती घाईत, डबीतली दुसरीच ओवलेली सुई उचलली, पट्टी दुमडली आणि शिवत सुटली. बाहेर तौहिदनं हॉर्न दिला. न मोजताच घडी झाली आणि गोधडी गाडीत गेली.

"फुलवंताबाई," ती कशीबशी म्हणाली, "सुई अझरूनी गोधडीमा ऱ्हाई गई वं."

फुलवंताबाईंच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. "वं माय! मंग बठी काय ऱ्हायनी? फोन लाव ना!"

तमन्नाचा फोन बंद. बाळ झोपलं की ती बंदच ठेवायची, ही शिकवण खुद्द गुलशनचीच. तौहिद कारखान्यात ड्युटीवर, तो उचलेना. राहिल्या विहीणबाई. त्यांचा फोन वाजून वाजून गप्प झाला. तीनदा लावला, तीनदा तेच. अनीसला सांगायची तर हिंमतच झाली नाही. तिनं डोक्यावर ओढणी घेतली, चप्पल कुठली पायात आली तेही पाहिलं नाही, आणि कोपऱ्यावरून रिक्षा केली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही. त्या रस्त्यावर गुलशनच्या मनानं जे जे दाखवलं ते कुणा शत्रूला सुचलं नसतं. बाळ कुशीवर वळतंय. बाळ रडतंय आणि पोटात दुखतंय म्हणून सगळे त्याला ओवा चोळतायत. बाळाचा इवलासा पाय. या अल्लाह! तिनं डोळे घट्ट मिटले. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत डुलत चालला होता, आणि रिक्षावाल्याला ओलांडायला जागा सापडेना.

"दादा, जरा बघा ना, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"मावशी, वरून उडवू का?" तो म्हणाला. पण तिचा चेहरा आरशात पाहिला आणि निमूटपणे त्यानं रिक्षा कच्च्यात उतरवून पुढे काढली.

आणि एवढ्या भीतीतही तिला दुसरी एक भीती होतीच. शबानाआपांना तोंड कसं दाखवायचं? विहीण शबाना म्हणजे ताठ कण्याची, धारदार जिभेची बाई. ऐन तारुण्यात नवरा गेला, पोराला एकटीनं वाढवलं, घर आरशासारखं ठेवलं. त्या दिवशी गाडीत ठेवण्याआधी गोधडी उलगडून त्यांनी चार बायकांत म्हटलं होतं, "छान आहे. पण आपा, आता बाजारात किती मऊ ब्लँकेटं मिळतात. चिंध्यांवर डोळे कशाला फोडायचे?" गुलशन तेव्हा हसली होती. रात्री मात्र अनीसपाशी भडभडा बोलली. आता त्याच बाईपुढे जाऊन सांगायचं, की माझ्या चिंध्यांत सुई आहे.

रिक्षा वळली आणि घर दिसलं. अंगणात गाद्या, उशा, रजया, सगळं अंथरूण बाहेर काढून टाकलेलं. घरात कुणी गेलं की काढतात तसं. दार सताड उघडं, आणि आतून बाळाचा आवाज नाही. ती पैसे द्यायचं विसरून धावली. उंबऱ्यातच शबाना समोर आली, तोंडाला फडकं बांधलेली, हातात फवारणीचा पंप.

"आपा? अशा अचानक?"

"अझरू कुठंय?"

"आत झोपलाय. का? झालं काय?"

गुलशन तिला जवळजवळ ढकलूनच आत गेली. पाळण्यात बाळ गाढ झोपलं होतं, मूठ गालाशी. अंगावर गुलाबी, सशांच्या चित्रांचं बाजारचं ब्लँकेट. खाली साधी सुती चादर. गोधडी कुठेच नव्हती.

काय सांगावं माणसाच्या मनाचं! दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ब्लँकेट पाहून गुलशनच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. तीन महिने डोळे फोडून शिवलेली गोधडी नातवाच्या अंगाला लागलेली नाही, यासारखा अपमान नाही. आज मात्र तिनं पाळण्याची दोरी धरून मनातल्या मनात अल्लाहचे आभार मानले. जिवात जीव आला.

तमन्ना स्वयंपाकघरातून आली आणि आईला पाहून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, अम्मीला ब्लँकेट दिसलं.

"अम्मी, मी सांगणारच होते तुला..."

"गोधडी कुठं ठेवलीय, बेटा?"

तमन्नानं सासूकडे पाहिलं. सासूनं तोंडावरचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. "आहे. पेटीत ठेवली," ती म्हणाली. "आधी बसा तरी. घरभर पसारा झालाय. ढेकूण झालेत हो आपा, लाज वाटते सांगायला. माझ्या घरात ढेकूण! आज सकाळपासून बाळाची खोली सोडून फवारतेय, फोन कुठं पडलाय तेसुद्धा माहीत नाही."

"ढेकूण?"

"आणि बघा, चावतात कुणाला? फक्त मला! तमन्नाला नाही, तौहिदला नाही, बाळाला तर नाहीच नाही. मीच काय त्यांची एवढी लाडकी? हे बघा." शबानानं मान वळवून दाखवली. गळ्याशी आणि खांद्यावर लाल लाल ठिपके. "पहाटे कूस बदलली की टचकन चावतो. दिवा लावावा तर एक दिसत नाही."

गुलशन त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आपा, किती दिवस झाले?"

"झाले की पंधरा-एक दिवस. तमन्ना आली तेव्हापासूनच."

"आपा," गुलशन म्हणाली, "तो ढेकूण माझ्या घरून आलाय."

आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. सरबत, गोट, हॉर्न, चार सुया. एक शब्दही गाळला नाही. शबाना उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर राग येतो की काय असं वाटलं, पण आली ती लाली, थेट कानापर्यंत. चोरी पकडली गेली होती ना! ती आतल्या खोलीत गेली आणि गोधडी घेऊन आली. विहीण पाळण्यापाशी गेली तेवढ्यात तिनं ती रिकाम्या पलंगावरून ओढून कपाटामागे कोंबली होती, तीच.

"पहिल्या रात्री बाळासाठीच काढली होती," ती खाली बघत म्हणाली. "थंडी होती. म्हटलं, आधी आपण बघू या, ऊब कशी आहे. आणि मला झोप लागली. आपा, तौहिदचे अब्बा गेल्यापासून मी रात्रभर सलग झोपलेले नाही. त्या रात्री झोपले. मग द्यायचं मनच होईना. पोराची वस्तू घेतली मी, आजी असून. तमन्नाला म्हटलं, तुझ्या अम्मीला कळू देऊ नको."

"सुई टोचत होती तरी झोपलात?"

"ढेकूण आहेत म्हणून गादी बदलली. गोधडी नाही सोडली."

गुलशनला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, आवरता आवरेना. ती खाली बसली आणि गोटावरून बोटं फिरवू लागली. तिसऱ्या कोपऱ्याजवळ लागली. टाके उसवले, पट्टी उलटली, आणि लांबलचक सुई तिच्या तळहातावर आली. तमन्नाच्या तोंडून "हाय अल्ला" निघालं. तिघीही त्या सुईकडे पाहत राहिल्या. बाळाच्या अंगावर ही असती तर काय झालं असतं, हे कुणाला बोलून दाखवायची गरज नव्हती.

"मला माफ करा," गुलशन म्हणाली. "तुम्ही घेतलीत म्हणून माझा अझरू वाचला. ही आता तुमचीच. त्याला मी दुसरी शिवेन."

"मी काय घेते? बाळाची आहे ती."

"तुमचीच म्हटलं ना!"

"नाही म्हणजे नाही!"

एवढा आवाज झाल्यावर बाळ उठणारच. त्यानं भोकाड पसरलं. गुलशन धावली, पण उचलायला तिचे हात पुढे होईनात. तिला अजून वाटत होतं, कुठेतरी काहीतरी टोचलेलं असणार, आपल्यालाच दिसत नाहीये. शबानानं ते ओळखलं. तिनं बाळाला उचललं, गोधडी जमिनीवर अंथरली, त्याला वर निजवलं आणि थंडी असूनही त्याचं झबलं, लंगोट, सगळं काढून टाकलं.

"बघा आपा. नीट बघून घ्या, म्हणजे रात्री झोप लागेल." तिनं त्याला पालथं केलं, पाठ दाखवली, पुन्हा उताणं केलं, बगला, मांड्या, तळवे दाखवले. "आहे कुठं ओरखडा? आहे?"

गुलशननं त्याच्या अंगभर हात फिरवला. कुठेच काही नव्हतं. लोण्यासारखं कोवळं, गरम, लाथा झाडणारं अंग. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही.

रडणं थांबवून बाळानं दोन्ही आज्यांकडे पाळीपाळीनं पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि गोधडीच्या ऐन मधोमध खुशाल धार सोडली.

"घ्या!" शबाना कपाळावर हात मारत म्हणाली, आणि त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं अशी खदाखदा हसली. "मालकानं ताबा घेतला!" मग हसू ओसरल्यावर तिनं गुलशनचा हात धरला आणि लहान मुलीसारखं विचारलं, "आता मला खरंच दुसरी शिवून द्याल ना, आपा?"