बाजूच्या दाराची मोजणी

परवाना कार्यालयात मी मोजणीदार आहे. कुणी दारू विकायचा परवाना मागितला, की तिथून जवळच्या शाळेपर्यंत, प्रार्थनामंदिरापर्यंत किती अंतर आहे ते मी मोजते. पंचाहत्तर मीटरच्या आत असेल तर परवाना नाही. अकरा वर्षांत माझी एकही मोजणी फिरलेली नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

बिलियर्ड्स क्लबची फाइल आली तेव्हा हरकतीखाली बाबांची सही होती. बाबा त्याच रस्त्यावरच्या प्रार्थनामंदिराचे व्यवस्थापक. मी तडक आमच्या अधिकारी मॅडमकडे गेले.

"हरकत घेणारे माझे वडील आहेत. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

मॅडमनी क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांनाच पाठवा. त्यांची मोजणी आम्हाला मान्य."

मंगळवारी सकाळी अंतर मोजायचं चाक घेऊन गेले. प्रार्थनामंदिराच्या पुढच्या दारापासून क्लबच्या फाटकापर्यंत त्र्याऐंशी मीटर. पण हरकतीत बाजूच्या दाराचा उल्लेख होता. तिथून भरले एकोणसत्तर. सोबत आलेल्या सेक्रेटरींचा चेहरा उतरला.

"अहो, ते दार कधी उघडं पाहिलंय का कुणी?"

नियम वापरातल्या दाराचा आहे. मी वळून म्हटलं, "व्यवस्थापक, दार उघडून दाखवता का?" कामावर असताना मी त्यांना बाबा म्हणणार नव्हते.

बाबांनी किल्ली लावली. कुलूप निघालं, दार मात्र तसूभरही हललं नाही. बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. शेजारी उभे असलेले विश्वस्त त्यांच्या कानाशी लागले. "पावसानं फुगलंय म्हणा. परवाच उघडलं होतं म्हणा."

बाबांनी किल्ली खिशात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. सहा वर्षं हे दार उघडलेलं नाही. हरकत लिहिताना मला ते माहीत होतं."

मी लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सुनावणीत मॅडमनी अहवाल वाचला आणि बाबांना विचारलं, "काही म्हणायचंय?"

"मोजणी बरोबर आहे," बाबा उठून म्हणाले. "पण आमचं दुखणं मीटरचं नव्हतंच. संध्याकाळी सहा ते सात लोक आमच्याकडे डोळे मिटून बसतात. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असतं. तेवढा तास शेजारून खिदळणं ऐकू येऊ नये, एवढंच."

सेक्रेटरी म्हणाले, "मग हे आधीच का नाही बोललात?"

"तुम्ही दिसलात की डोकं फिरायचं."

मॅडमसुद्धा हसल्या. सेक्रेटरींनी आपणहून सांगितलं, "बार साडेसातला उघडू. तुमच्या बाजूच्या खिडक्या कायमच्या बंद." दोन्ही अटी परवान्यात घातल्या गेल्या आणि बाबांनी खाली सही केली.

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले. "माझा राग आला होता?"

"हरकत वाचली तेव्हा आला होता. दारापाशी गेला."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातली जड पिशवी घेतली. मीही घेऊ दिली.